बेवारस रूलचं काय करायचं?



अध्यक्षानं आधी आपल्या क्षेत्राचा, म्हणजे सर्व्हरांवरच्या देखरेखीचा, आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो मी थोडक्यात उरकते. १९९९ साली एथन गॉलस्टॅड यांनी नेटसेंट आणलं, त्याचंच पुढे नागिऑस झालं. लॅटव्हियातल्या रीगा शहरात अलेक्सेई व्लादिशेव यांनी लिहायला घेतलेलं झॅबिक्स २००१ मध्ये खुलं झालं. २०१२ मध्ये बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत प्रोमिथियसचं काम सुरू झालं आणि २०१८ मध्ये ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनच्या 'ग्रॅज्युएट' प्रकल्पांत कुबरनेटीसच्या पाठोपाठ जाऊन बसलं. आकडे गोळा करायचे, साठवायचे, आलेखात काढायचे, हे काम या सगळ्यांनी मिळून जवळपास हातावेगळं केलं आहे.

उरलेलं काम वेगळं आहे. कुठल्या आकड्यावर माणसाला झोपेतून उठवायचं हे ज्या ओळींत लिहिलेलं असतं, त्या ओळींना वाली कोण? आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे, आणि बहुतेक प्रोमिथियसबद्दलच बोलणार आहे, कारण माझं रोजचं पोट त्याच्यावर आहे. झॅबिक्सवाल्यांनी राग मानू नये. तुमच्या ट्रिगरची कहाणी फार निराळी नाही.

प्रोमिथियसमधला अलर्टचा रूल दिसायला अगदी साधा. एक नाव, एक एक्स्प्रेशन, ते किती वेळ खरं राहिलं तर अलर्ट द्यायचा हे सांगणारी 'फॉर'ची ओळ, काही लेबलं, काही ॲनोटेशनं. वायएएमएल फाइलीतल्या आठ-दहा ओळी, संपलं. आता हे अलर्ट माणसांपर्यंत पोचवणारा अलर्टमॅनेजर उघडा आणि एखादा अलर्ट तात्पुरता गप्प करायला सायलेन्स टाकून बघा. तो विचारतो: कोण टाकतंय? कशासाठी? कधीपर्यंत? संपण्याची वेळ दिल्याशिवाय सायलेन्स तयारच होत नाही. म्हणजे दोन तास गप्प बसवायचं तर नाव, कारण आणि मुदत लागते. वर्षानुवर्षं रात्री-अपरात्री माणसं उठवायची तर यातलं काहीच लागत नाही. माझी सगळी तक्रार या एका विसंगतीत आहे.

कोणी म्हणेल, गिट आहे की! रूल फाइलीत असतात, फाइली गिटमध्ये असतात, कोणी काय बदललं ते दिसतं. दिसतं खरं. पण जुन्या रूलवर 'ब्लेम' चालवून बघा. ज्याचं नाव येतं त्यानं बहुधा फाइलीतल्या मोकळ्या जागा नीट केलेल्या असतात, नाहीतर एका मोठ्या फाइलीच्या चार फाइली केलेल्या असतात. मूळ लिहिणारा केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला, आणि कमिटच्या संदेशात कारण म्हणून लिहिलेलं असतं: 'अलर्ट वाढवला'.

हे रूल जन्माला कसे येतात ते आपल्याला माहीत आहे. सिस्टिम कोलमडते, दुसऱ्या दिवशी बैठक बसते, कोणीतरी वरिष्ठ विचारतो, "यावर अलर्ट का नव्हता?" संध्याकाळपर्यंत रूल तयार. "हा अलर्ट कशाला आहे?" असं विचारायला कोणी बैठक बोलावल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. रूल वाढवणाऱ्याला शाबासकी मिळते. रूल काढणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच गोष्ट बिघडली तर नाव मात्र त्याचं निघतं. मग कोण कशाला काढेल? एखादी जमीन आजोबांच्या नावावर तशीच राहते, वारसनोंद कोणी करत नाही, कसणारा कसत राहतो आणि तंटा झाला की सगळे सातबारा शोधायला धावतात, तशातली ही गत. फरक एवढाच की आपल्या रूलला मुळात सातबाराच नाही.

हा रोग आपण शोधून काढलेला नाही. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथं टेक्साकोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. सकाळी विजांचं वादळ झालं होतं, त्यानं कारखान्याची घडी विस्कटली होती. एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद होता आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर उघडा दिसत होता. बाहेर पडायला वाट नसलेल्या भांड्यात ज्वालाग्राही द्रव भरत गेला. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. दर अडीच सेकंदांना जवळजवळ एक. २६ जण जखमी झाले, कोणी दगावलं नाही, हे नशीब. ब्रिटिश सुरक्षा यंत्रणेनं चौकशीत स्पष्ट म्हटलं की अलार्म फार होते आणि त्यांची प्रतवारी नीट नव्हती.

तिथून पुढे कारखान्यांच्या जगात जे घडलं ते आपल्या जगात अजून घडायचं आहे. १९९९ मध्ये 'ईईएमयूए १९१' ही मार्गदर्शिका आली. नेहमीच्या चालू स्थितीत एका ऑपरेटरपुढे सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा कमी अलार्म यावेत, असा सरळ मापदंड तिनं दिला. २००९ मध्ये 'आयएसए १८.२' हे मानक आलं. त्याप्रमाणे चालणाऱ्या कारखान्यात प्रत्येक अलार्मची नोंद असते: तो कशानं येतो, दुर्लक्ष केलं तर काय होईल, ऑपरेटरनं काय करायचं, आणि त्यासाठी हातात वेळ किती. करण्यासारखं काही नसेल तर तो अलार्म नव्हेच. आपण सॉफ्टवेअरवाले स्वतःला फार पुढारलेले समजतो. या बाबतीत रासायनिक कारखाने आपल्या कितीतरी पुढे आहेत.

बेवारस रूलचे दोन प्रकार असतात. एक उगाच ओरडणारा आणि दुसरा मेलेला. ओरडणारा निदान कळतो. कुबरनेटीससाठी लोकांनी मिळून लिहिलेला रूलचा मोठा संच आहे, आपल्यापैकी बरेच जण तो एका कमांडनं आयता बसवतात. त्यात शेड्यूलर आणि कंट्रोलर मॅनेजर दिसेनासे झाले तर अलर्ट देणारे रूल आहेत. स्वतःचं क्लस्टर स्वतः चालवत असाल तर ते हवेतच. पण क्लाउड कंपनीकडून तयार क्लस्टर घेतलं की कंट्रोल प्लेन त्यांच्या ताब्यात असतं. आपल्या प्रोमिथियसला ते बहुधा दिसतच नाही. मग हे दोन अलर्ट पहिल्या दिवसापासून फायर होतात आणि होतच राहतात. सेटिंगमध्ये ते बंद करायला दोन ओळी पुरतात. लोक काय करतात? सायलेन्स टाकतात. मुदत द्यावीच लागते म्हणून २०९९ साल टाकतात. सॉफ्टवेअरनं घातलेल्या एकमेव शिस्तीची आपण अशी विल्हेवाट लावतो.

मेलेल्या रूलची गोष्ट जास्त गंभीर आहे, म्हणून तिथं थोडी रेंगाळते. सर्व्हरचे आकडे प्रोमिथियसला पुरवणाऱ्या नोड एक्सपोर्टरची ०.१६ ही आवृत्ती मे २०१८ मध्ये आली. तिच्यात कितीतरी मेट्रिकांची नावं बदलली. एककं नावातच असावीत हा त्यामागचा विचार, आणि तो योग्यच होता. 'नोड सीपीयू'चं 'नोड सीपीयू सेकंड्स टोटल' झालं, 'नोड फाइलसिस्टिम फ्री'पुढे 'बाइट्स' लागलं. ज्यांनी एक्सपोर्टर अपग्रेड केला आणि रूल तसेच ठेवले, त्यांच्याकडे काय झालं? काहीच झालं नाही. जुन्या नावाची मालिका सापडत नाही, एक्स्प्रेशनचं उत्तर रिकामं येतं, आणि प्रोमिथियसच्या लेखी रिकामं उत्तर म्हणजे सगळं ठीक. लाल दिवा नाही, लॉगमध्ये एरर नाही. रूलच्या पानावर तो हिरवागार. डिस्क भरून सर्व्हर झोपेल तेव्हाच कळणार की पहारेकरी कधीचाच गेलेला आहे.

यावर प्रोमिथियसबरोबर येणाऱ्या 'प्रॉमटूल'नं रूल तपासा असं सांगितलं जातं. तपासाच, पण त्यातून काय कळतं हे ओळखून तपासा. 'चेक रूल्स' व्याकरण बघतं. नाव जगात आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'टेस्ट रूल्स' आणखी पुढे जातं: अमुक मालिकेत अशी अशी मूल्यं येत गेली तर दहाव्या मिनिटाला हा अलर्ट यायला हवा, असं लिहून ठेवता येतं आणि प्रत्येक बदलानंतर पडताळता येतं. 'फॉर'ची ओळ कशी वागते हे नव्या मुलांना शिकवायला याहून चांगलं साधन नाही. एकाच मोजणीत एक्स्प्रेशन खोटं ठरलं की 'फॉर'चं घड्याळ पुन्हा शून्यावर जातं, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. पण टेस्टमधल्या मालिकेचं नावही आपणच लिहिलेलं असतं ना? एक्सपोर्टरनं नाव बदललं तरी टेस्ट पासच होणार. चालू प्रोमिथियसला जाऊन 'ही मालिका तुझ्याकडे आहे का?' असं विचारणारं साधन हवं. क्लाउडफ्लेअरनं खुलं केलेलं 'पिंट' ते करतं. शिवाय नवा रूल कालच्या आकड्यांवर लावून तो किती वेळा आला असता तेही सांगतं, आणि ठरावीक लेबल किंवा ॲनोटेशन नसेल तर रूल अडवतं. मालकाचं लेबल नसलेला रूल रिपॉझिटरीत शिरूच द्यायचा नाही, हे आज, आहे त्या सॉफ्टवेअरमध्ये, फुकटात करता येतं. या सभागृहातल्या किती टीम ते करतात, ते मी हात वर करायला सांगून विचारणार नाही.

आणखी एक सोय आपण वापरत नाही. प्रोमिथियस स्वतःच्या अलर्टांचीही 'अलर्ट्स' नावाची मालिका ठेवतो. कुठला रूल कधी पेंडिंग झाला, कधी फायर झाला, सगळं तिथं आहे. गेल्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त कोण आला हे एका क्वेरीत निघतं. पंधरवडाच म्हणते, कारण डेटा ठेवण्याची मूळ मुदत १५ दिवसांची असते आणि ती बहुतेक जण बदलत नाहीत. त्यामुळे वर्षातून एकदा येणाऱ्या आणि कधीच न येणाऱ्या रूलमध्ये फरक करायला आपल्याकडे पुरावाच उरत नाही. निदान ही एक मालिका वेगळी काढून वर्षभर ठेवा. जागा ती कितीशी खाणार?

थ्रेशोल्डबद्दल फार बोलत नाही. डिस्क ८० टक्के भरली की उठवा, हा रूल सगळीकडे आहे. २० जीबीच्या डिस्कवर त्याचा अर्थ ४ जीबी उरले, आणि ४ टीबीच्या डिस्कवर ८०० जीबी उरले. पहिल्यासाठी पळावं लागेल, दुसऱ्यासाठी कूसही बदलायचं कारण नाही. 'प्रेडिक्ट लिनिअर' हे फंक्शन गेल्या काही तासांच्या उतारावरून डिस्क केव्हा संपेल याचा अंदाज देतं. चार तासांत संपणार असेल तर फोन करा, उद्यापर्यंत वेळ असेल तर तिकीट टाका. आयत्या संचात हे कधीचं आहे, पण आपले घरचे रूल अजून ८० टक्क्यांना चिकटून आहेत.

एक वाद मात्र खरा आहे आणि मी त्यात एका बाजूची आहे. रूल पडद्यावर बदलावेत की फाइलीत? आलेखांसाठी वापरल्या जाणाऱ्या ग्राफानामध्ये दोन्ही करता येतं, पण फाइलीतून आलेला रूल ते पडद्यावरून सहजी बदलू देत नाही. प्रोमिथियसमध्ये तर फाइल बदलून रीलोड करण्यावाचून मार्ग नाही. पहाटे तीनला ज्याला चौथ्यांदा उठवलंय त्यानं मर्ज रिक्वेस्ट टाकून दुसऱ्याच्या मंजुरीची वाट बघायची का, असं तरुण मंडळी चिडून विचारतात. त्यांची चीड मला पटते, मागणी पटत नाही. पहाटे तीनला थ्रेशोल्ड ८० चा ९५ करणारा माणूस रूल सुधारत नसतो, झोप मिळवत असतो; ती त्याला मिळालीच पाहिजे, आणि तेवढ्यासाठी सकाळी दहापर्यंतचा सायलेन्स आहे. पण सकाळी दहाला कोणीतरी त्या रूलसमोर बसायला हवं. ते बसणं कामाच्या तासांत धरलं जावं, हे व्यवस्थापकांना सांगण्याची जबाबदारी आपल्यातल्या वयानं मोठ्यांची आहे.

जाता जाता मराठीबद्दल. पुण्यात, नाशकात रात्रपाळीवरची मुलं अडचणीत सापडली की एकमेकांशी फोनवर मराठीत बोलतात, आणि रनबुक मात्र कोणीतरी कुठून तरी उचललेल्या इंग्रजीत असतं. ॲनोटेशनमध्ये देवनागरी बिनधास्त चालते. टीम मराठी असेल तर 'आधी हे बघ, मग ते रीस्टार्ट कर, तरी नाही झालं तर अमक्याला उठव' असं सरळ लिहा. टीम मिश्र असेल तर अर्थातच नको.

आता मागणी. प्रोमिथियसच्या रूलमध्ये तीन जागा हव्यात: मालक, कारण आणि फेरविचाराची तारीख. लेबलं वापरून हे आजही करता येतं, पण लेबल ऐच्छिक असतं आणि ऐच्छिक गोष्टीचं काय होतं ते आपण बघतोच. तारीख उलटली म्हणून रूल बंद पडू नये, हे मी ठासून सांगते. कुबरनेटीसची माहिती साठवणाऱ्या इटीसीडीचा कोरम गेल्याचा रूल पाच वर्षं आला नाही म्हणून कोणी काढला तर तो वेडेपणा होईल. तारीख उलटली की त्या रूलचं नाव मालकाच्या यादीत वर यावं, एवढंच. मालक नसेल तर टीमप्रमुखाच्या यादीत.

हा बदल सुचवण्याचा मसुदा आपण इथंच तयार करावा असं संयोजकांशी बोलणं झालं आहे. जेवणानंतर दुसऱ्या दालनात बसू. येताना लॅपटॉपवर आपल्या टीमची रूलची एक तरी फाइल घेऊन या, गुप्त नावं खोडून. ज्या रूलचा मालक सांगता येणार नाही त्यापासून सुरुवात करू, आणि त्यातले किती रूल मेलेले आहेत ते तिथंच 'पिंट' चालवून बघू.