व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत
(स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांपुढील व्याख्यान)



राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत १९ व्या क्रमांकाची नोंद आहे. भारतात प्रवेश, देशाबाहेर जाणे, हद्दपारी, पारपत्रे आणि व्हिसा हे विषय तेथे एकत्र आले आहेत. नोंद एक असली तरी व्हिसा आणि प्रवेश या दोन निराळ्या बाबी आहेत व त्यांच्या मुदतीही निराळ्या असतात. उत्तरपत्रिकेत हा भेद चुकला तर दोन गुण जातात. प्रवासात चुकला तर सरळमार्गी पर्यटक एका रात्रीत बेकायदा ठरतो.

व्हिसाची मुदत म्हणजे देशाच्या दाराशी येऊन प्रवेश मागण्याचा काळ. आत आल्यावर किती दिवस राहता येईल, ही मुक्कामाची मुदत. भारतात दोन्ही कामे सहसा दोन मंत्रालयांकडे विभागलेली दिसतात. परदेशांतील वकिलाती परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाच्या, तर विमानतळावरील इमिग्रेशन ब्युरो गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो.

भारताने २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ४३ देशांच्या नागरिकांसाठी ऑनलाइन अर्जाची जी सोय सुरू केली, तीच पुढे ई-पर्यटक व्हिसा म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यातील तीस दिवसांच्या व्हिसावर छापलेली अखेरची तारीख ही प्रवेशाची असते; तीस दिवस मोजायचे ते पहिल्या आगमनापासून. अखेरची तारीख ३१ जानेवारी असलेला पर्यटक २५ जानेवारीला उतरला, तर तो २३ फेब्रुवारीपर्यंत राहू शकतो. याउलट पाच वर्षांच्या ई-पर्यटक व्हिसावर सलग मुक्काम १८० दिवसांपलीकडे नेता येत नाही. म्हणजे छापील तारीख उलटूनही पहिला पर्यटक कायदेशीर राहतो. दुसरा मात्र व्हिसाची चार वर्षे शिल्लक असतानाही गुन्हेगार ठरू शकतो.

गुन्हेगार हा शब्द येथे अतिशयोक्त नाही. बाजारातील अनेक मार्गदर्शक पुस्तकांत अजूनही १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याचाच हवाला असतो. तो कायदा रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायदा, २०२५ अमलात आला आहे. मुदतीपलीकडे राहिल्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. अनुच्छेद २१ चे संरक्षण परदेशी व्यक्तीलाही मिळते. परंतु भारतात कोठेही राहण्याचा अनुच्छेद १९ मधील हक्क केवळ नागरिकांचा आहे. परदेशी व्यक्तीला देशाबाहेर घालवण्याचा केंद्राचा व्यापक अधिकार सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर खटल्यात १९५५ मध्येच मान्य केला होता.

आता भारतीय प्रवाशाची बाजू. युरोपातील शेंगेन देशांचा व्हिसा दोन वर्षांचा असला तरी कोणत्याही १८० दिवसांत तेथे ९० दिवसच राहता येते. येण्याचा व जाण्याचा, दोन्ही दिवस त्यात मोजले जातात.

अमेरिकेबाबत महाराष्ट्रातील कित्येक घरांत गफलत होते. लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आईवडिलांच्या पारपत्रावर दहा वर्षांचा व्हिसा असतो. मुक्कामाची तारीख मात्र प्रवेशाच्या वेळी तेथील अधिकारी ठरवतो. ती बहुधा सहा महिन्यांची असते. तिची नोंद ‘आय-९४’ या अभिलेखात होते. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी हा अभिलेख संगणकावर असल्याने हातात कागद येत नाही, आणि घरची मंडळी पारपत्रावरील दूरच्या तारखेवर विसंबून राहतात. ती तारीख ओलांडल्यास दहा वर्षांचा तो व्हिसाच रद्दबातल होतो. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाल्यावर देश सोडला, तर तीन वर्षे आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक झाल्यास दहा वर्षे पुनःप्रवेशाला बंदी येते. नातवंडाचे बारसे पाहिले, पण शाळेचा पहिला दिवस हुकला, अशी वेळ त्यातून येऊ शकते. आजारपणामुळे परतणे लांबणार असेल तर मुदतवाढीचा अर्ज करता येतो. मात्र तो आय-९४ वरील तारखेपूर्वी दाखल झाला पाहिजे.