सेबन गेले, डीबोर आले: तुलना करायची तर कशाशी?

आजचा विषय जरा लांबचा आहे. अमेरिकेतलं अलाबामा राज्य, तिथलं टस्कलूसा शहर आणि तिथल्या युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम. हा आपला फुटबॉल नाही बरं का. हेल्मेट घालून, अंडाकृती बॉल हातात धरून पळतात, तो. तुमच्या ओळखीचं कुणी एमएस करायला तिकडे गेलं असेल तर विचारा. मॅचच्या शनिवारी अख्खं गाव कसं बंद पडतं ते सांगतील. टस्कलूसाच्या स्टेडियममध्ये १ लाख माणसं बसतात. आणि खेळणारी मुलं कोण? कॉलेजची.

तर या टीमचे जुने कोच निक सेबन आणि सध्याचे कोच केलन डीबोर, यांची तुलना आज करायची आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या फील्डमध्ये एखादा जबरदस्त सीनियर सोडून गेला की त्याच्या जागी आलेल्या माणसाला पहिली २ वर्षं एकच वाक्य ऐकावं लागतं : "ते होते तेव्हा असं नव्हतं." ते वाक्य कधी खरं असतं, कधी नुसतं रडगाणं. नेमकं कधी काय, हे ओळखायला ही केस मस्त आहे.

आधी सेबन. २००७ ते २०२३, १७ सीझन. त्यात ६ राष्ट्रीय विजेतेपदं. त्याआधी लुईझियाना स्टेटमध्ये एक, म्हणजे एकूण ७. ते येण्याआधीच्या १० वर्षांत अलाबामाने ४ कोच बदलले होते. त्यातल्या एकाला तर एकही मॅच खेळवायच्या आधीच काढलं होतं. अशी ती घडी विस्कटलेली होती.

सेबन यांची पद्धत 'प्रोसेस' या नावाने प्रसिद्ध आहे. १९९८ मध्ये ते मिशिगन स्टेटचे कोच होते आणि समोर होती पहिल्या नंबरची ओहायो स्टेट. तिथले मानसोपचाराचे प्राध्यापक लायोनेल रोझेन यांनी त्यांना सुचवलं की स्कोअरकडे बघूच नका. एक प्ले साधारण ७ सेकंदांचा असतो, तेवढाच खेळा, मग पुढचा. मिशिगन स्टेटने ती मॅच २८-२४ अशी जिंकली आणि सेबन यांनी तो विचार पुढे कधी सोडला नाही.

आता डीबोर. साउथ डकोटाच्या छोट्याशा गावातला माणूस. सू फॉल्स नावाच्या लहान कॉलेजात कोच असताना ५ वर्षांत ६७ विजय, ३ पराभव. पुढे वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत आले. आदल्या वर्षी ४ मॅच जिंकून ८ हरलेली ती टीम पहिल्याच वर्षी ११-२ झाली आणि दुसऱ्या वर्षी थेट फायनलमध्ये. अलाबामात येईपर्यंत हेड कोच म्हणून त्यांचा रेकॉर्ड होता १०४ विजय, १२ पराभव. म्हणजे सेबन निवृत्त झाले १० जानेवारी २०२४ ला आणि दोनच दिवसांत जो आला, तो काही नवशिका नव्हता.

पहिल्या सीझनमध्ये २८ सप्टेंबरला अलाबामाने जॉर्जियाला ४१-३४ हरवलं. टीम पहिल्या नंबरवर गेली. त्यानंतरची लगेचची मॅच व्हँडरबिल्टशी. ही टीम १९८४ नंतर अलाबामाविरुद्ध एकदाही जिंकली नव्हती. ती जिंकली, ४०-३५. नॅशव्हिलच्या पोरांनी गोलपोस्ट उपटला आणि मिरवत नेऊन नदीत टाकला. वर्षाअखेर अलाबामा ९-४. आणि मग सुरू झालं : "सेबन होते तेव्हा..."

इथे तुलना दोन प्रकारे फसते.

पहिला प्रकार चाहत्यांचा. १७ वर्षांची बेरीज एका बाजूला आणि डीबोर यांची दोन वर्षं दुसऱ्या बाजूला. हे म्हणजे १० वर्षं चाललेल्या ॲपचं रेटिंग काल आलेल्या ॲपशी लावणं.

दुसरा प्रकार डीबोर यांची बाजू घेणाऱ्यांचा. ते म्हणतात, सेबन यांचं पहिलं वर्ष बघा ना! ते बरोबर आहे. २००७ मध्ये सेबन ७-६ होते आणि घरच्या मैदानावर लुईझियाना-मन्रोसारख्या छोट्या टीमकडून हरले होते. त्या हिशेबाने डीबोर पुढेच. पण हा युक्तिवादही लंगडा आहे. सेबन यांच्या हाती मोडकं घर आलं होतं. डीबोर यांच्या हाती आदल्या वर्षी १२-२ असलेली टीम आली.

पूर्णपणे तीच टीम मात्र नाही. ही गोष्ट नीट समजून घेऊ.

जेलन हर्ट्स हे नाव कदाचित ऐकलं असेल. जानेवारी २०१८ च्या फायनलमध्ये अलाबामा मागे होती, तेव्हा सेबन यांनी हाफटाइमला हर्ट्सला, म्हणजे आपल्या मुख्य क्वार्टरबॅकला, बसवलं आणि तुआ टागोवायलोआ या नव्या पोराला उतरवलं. ती मॅच ओव्हरटाइममध्ये जिंकली. हर्ट्सची जागा गेली, तरी तो सोडून गेला नाही. वर्षभर बेंचवर थांबला. डिसेंबरमध्ये त्याच जॉर्जियाविरुद्ध तुआ जखमी झाला, हर्ट्स उतरला आणि त्याने मॅच काढून दिली. डिग्री घेऊन पुढच्या वर्षी तो ओक्लाहोमाला गेला.

तो थांबला हे त्याचं मोठेपण आहेच. पण तेव्हाचा नियमही तसाच होता. डिग्री न घेता दुसऱ्या कॉलेजात गेलात तर साधारण एक वर्ष खेळता येत नसे. त्यामुळे चांगली मुलं बेंचवर टिकायची आणि सेबन यांच्याकडे नेहमी दुसरी, तिसरी फळी तयार असायची.

२०२१ मध्ये हे बदललं. पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला वर्षभर बसायची गरज उरली नाही आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची परवानगी मिळाली. माझं मत विचाराल तर हे व्हायलाच हवं होतं. कोचला कोट्यवधी डॉलर आणि अंग मोडून घेणाऱ्या पोराला नुसती स्कॉलरशिप, हा कुठला न्याय? पण त्या न्यायाची किंमत कोचच्या सिस्टिमने मोजली. सेबन गेल्यावर केलेब डाउन्स हा त्यांचा सगळ्यात चांगला तरुण डिफेन्स खेळाडू ओहायो स्टेटला गेला आणि त्याच सीझनला तिथे चॅम्पियन झाला. डीबोर यांनी अजून टीमची खोलीही नीट पाहिली नव्हती.

मग बरोबर तुलना कुठली? माझ्या मते सेबन यांच्या शेवटच्या ३ वर्षांशी. २०२१ ते २०२३, म्हणजे नियम बदलल्यानंतरची. त्या ३ वर्षांत सेबन यांनाही विजेतेपद मिळालं नाही. १०० मॅचची एक मालिका चालू होती : रँकिंगमध्ये नसलेल्या टीमकडून पराभव नाही. ती २०२१ मध्येच टेक्सस एअँडएमने तोडली. म्हणजे वारं फिरलेलं होतं आणि ते सेबन यांनाही लागत होतं. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टनला खासदारांसमोर ते स्वतः म्हणाले, की आपण ५० वर्षं ज्या गोष्टींवर विश्वास ठेवला त्या या खेळात आता उरल्या नाहीत.

पण थांबा, आकडे पूर्ण बघू. त्या ३ वर्षांत सेबन ३६-६. डीबोर पहिल्या २ वर्षांत २०-८. तीन वर्षांत ६ पराभव आणि दोन वर्षांत ८. सगळं खापर नियमांवर फोडता येत नाही.

आणि पराभव कुणाकडून? पहिल्या वर्षी व्हँडरबिल्ट, ओक्लाहोमा आणि शेवटी मिशिगन. तिघंही त्या वेळी रँकिंगबाहेर. २०२५ ची सुरुवातच फ्लोरिडा स्टेटकडून १७-३१ अशी. त्यानंतर हीच टीम जॉर्जियाच्या घरी जाऊन जिंकते, प्लेऑफमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध १७ पॉइंट्सनी मागे असताना उलटून जिंकते आणि मग इंडियानाकडून ३-३८ असा मार खाते. वरची उंची जवळपास तीच आहे, पण खालची पातळी घसरली आहे. सेबन यांची खरी कमाई मला इथे दिसते. मोठ्या मॅच जिंकणारे बरेच असतात. कंटाळवाण्या शनिवारी, कमकुवत टीमसमोर, १०० वेळा न घसरणं हे फार थोड्यांना जमतं. ते ७ सेकंदांचं प्रकरण त्यासाठीच होतं.

डीबोर यांना आता तेच करून दाखवायचं आहे. आणि घाई कुणी करू नये, कारण अलाबामाने हा सिनेमा आधी पाहिलाय. बेअर ब्रायंट २५ वर्षं तिथे कोच होते, त्यांचीही ६ विजेतेपदं. १९८२ च्या सीझननंतर ते निवृत्त झाले आणि रे पर्किन्स आले. १९८४ मध्ये टीम ५-६. व्हँडरबिल्ट ज्या वर्षी आधी जिंकली होती, ते हेच वर्ष! पर्किन्स ४ सीझन करून गेले आणि पुढचं विजेतेपद यायला १९९२ उजाडलं, तेही तिसऱ्याच माणसाच्या हातून, जीन स्टॉलिंग्ज यांच्या.

म्हणून तुमच्या ऑफिसात, कॉलेजात, मंडळात कुणी जुन्याच्या जागी नवा आला आणि लोक कुजबुजायला लागले, तर तीन प्रश्न विचारा. याच्या हाती नेमकं काय आलं? मधे नियम काय बदलले? आणि हे दोन्ही वजा केल्यावर याचं स्वतःचं काय उरतं? तिसरा प्रश्न टाळायचा नाही हं. पहिल्या दोनांत सहानुभूती असते, पण हिशेब तिसऱ्यातच लागतो.

तुमच्या पाहण्यात असा कुणी 'नंतर आलेला' असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या वेळी त्यातल्या काही ऐकू. चला, भेटू!