निरसे दूध आणि मुलाचा मेंदू



युनियनचा माणूस तापावर काय बोलणार, अशी शंका आपल्या मनात आली असेल. मी डॉक्टर नाही. पण रोग कोणाच्या घरात शिरतो आणि का शिरतो, हा प्रश्न जितका दवाखान्याचा तितकाच कामगार चळवळीचाही आहे. म्हणून आज ब्रुसेलोसिस या रोगाविषयी, आणि विशेषेकरून त्याने लहान मुलाच्या मेंदूला होणाऱ्या इजेविषयी, चार शब्द सांगणार आहे.

प्रथम माल्टा बेटाकडे चला. तेथील ब्रिटिश पलटणीत महिनोनमहिने रेंगाळणारा एक ताप होता. मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून त्याचे जंतू वेगळे काढल्याचे डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने १८८७ साली प्रसिद्ध केले. पण जंतू येतात कोठून, हे कळायला १९०५ साल उजाडले. थेमिस्तोक्लीस झामित या माल्टी डॉक्टराने शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या दिसायला धडधाकट. पण जंतू त्यांच्यातच! १९०६ साली पलटणीला शेळीचे दूध बंद झाले आणि शिपायांतला ताप झपाट्याने ओसरला. बेटावरची रयत मात्र तेच दूध पीत राहिली. दूध तापवून निर्जंतुक करण्याची व्यवस्था तेथे १९३८ साली सुरू झाली. शिपायाला एक न्याय आणि रयतेला दुसरा, तो असा.

आपल्याकडेही गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांत हा रोग आहे. जनावर गाभडते. त्या गर्भात, वारेत आणि पुढे दुधात जंतू असतात. निरसे दूध पिणाऱ्याला आणि उघड्या हाताने वार काढणाऱ्याला रोग जडतो. ताप चढतो, उतरतो, घाम सुटतो, सांधे धरतात, मूल लंगडू लागते.

हे जंतू मोठे लबाड. ज्या पेशींनी त्यांना गिळून मारायचे, त्यांच्याच पोटात ते जिवंत राहतात आणि शरीरभर फिरतात. क्वचित मेंदूपर्यंत आणि त्याच्या आवरणापर्यंत पोचतात. असे थोड्यांनाच होते. पण ज्या घरात होते त्याला या विरळेपणाचा काय दिलासा? डोके ठणकते, ओकाऱ्या होतात, मान ताठरते, झटके येतात. कधी तोल जातो, पाय लुळे पडतात, नजर अधू होते, कानाची नस दुखावून ऐकू येईनासे होते.

आणि येथेच फसगत होते. पाठीच्या कण्यातील पाणी तपासले, तर पेशी व प्रथिने वाढलेली आणि साखर कमी दिसू शकते. क्षयाच्या मेंदुज्वरातही चित्र असेच असते. त्यातून क्षयावरचे रिफाम्पिसिन या जंतूंवरही चालते. म्हणून क्षय समजून उपचार केले तरी मूल थोडे सुधारते आणि खरा रोग दडून राहतो. ब्रुसेलाची रक्ततपासणी मुद्दाम करावी लागते. निदान झाले तर औषधे आहेत: दोनतीन एकत्र आणि मेंदूच्या दुखण्यात कित्येक महिने. मध्येच सोडली तर रोग उलटतो. उशीर झाला तर गेलेली श्रवणशक्ती परत येईलच असे नाही.

तेव्हा डॉक्टराला घरची हकीकत सांगा. बाप कत्तलखान्यात आहे, दारात शेळ्या आहेत, मूल धारोष्ण दूध पिते, ही माहिती तपासाची दिशा बदलू शकते.

नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात, जनावरे व त्यांची कलेवरे हाताळणाऱ्यांना कामातून जडणाऱ्या संसर्गजन्य रोगांना परिशिष्टात जागा मिळाली. पण बापाने गोठ्यातून आणलेल्या दुधाने अंथरुणाला खिळलेल्या पोराला कोणता कायदा ओळखतो? त्याचे रक्षण आधीच झाले पाहिजे. गोठ्यात आणि कत्तलखान्यात हातमोजे, गमबूट, साबण-पाणी हवे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना लस टोचण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. तो आपल्या गावच्या गोठ्यापर्यंत पोचला की नाही, हे विचारले पाहिजे. गाभडलेला गर्भ उकिरड्यावर न टाकता खोल पुरला पाहिजे.

आणि धारोष्ण दुधाने पोर पैलवान होते, ही समजूत सोडून द्या. दूध उकळणे घराच्या हाती आहे; हातमोजे आणि लस या मागून घ्यायच्या गोष्टी आहेत. घरचे घराने करावे. मागायचे ते सर्वांनी मिळून मागावे.