जतन की जीर्णोद्धार?



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वडोदऱ्यातील मुलांच्या कित्येक पिढ्यांना मराठी शिकविली. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात मराठीच्या प्राध्यापकाने आगगाडीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माजी विद्यार्थी संघाच्या कार्यवाहांनी निमंत्रणासोबत माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला. डभोईकडील छोट्या गाडीचा एखादा जुना डबा मिळवून तो शाळेच्या आवारात ठेवावा, असा संघाचा मानस आहे. तो रंगवून, बाके बदलून नवा करावा, असे काही सभासद म्हणतात. आहे तसाच ठेवावा, असे इतरांचे मत आहे. हा वाद मला पोथ्यांच्या अभ्यासातून परिचयाचा आहे. म्हणून हा विषय घेतला.

आपल्या परिसराला या छोट्या गाडीचे अप्रूप असावे, हे स्वाभाविक आहे. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1862 साली, डभोई ते मियागाम हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग झाला आणि त्यावर आरंभी गाड्या ओढल्या त्या बैलांनी! पुढे एंजिने आली, जाळे विस्तारले. 2021 साली डभोईमार्गे केवडियापर्यंत ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. आता जुन्या मार्गाची साक्ष द्यायला उरले आहेत ते डबे, एंजिने आणि वृद्धांच्या आठवणी.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत : जतन आणि जीर्णोद्धार. जीर्णोद्धार या शब्दाला पुण्याचा सुगंध आहे. अहिल्याबाईंचे नाव घेतले की तो शब्द आपोआप ओठांवर येतो. देवालय नित्य पूजेने जिवंत असते. गळके शिखर तसेच ठेवणे ही तेथे भक्ती नव्हे. म्हणूनच मोडके काही दिसले की ते उजळून काढावे, अशी आपली सहजप्रवृत्ती असते. जुन्या पोथीला मात्र हा न्याय लागू पडत नाही.

नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या हस्तलेखनात शिरलेले अपपाठ दूर करून त्यांनी ग्रंथाला नवे आयुष्य दिले. त्या उपकाराचे मोल कोण करील? तरीही आजचा संशोधक नाथपूर्व पोथीच्या शोधात असतो. कारण शुद्ध प्रतीत जे मिटले, ते तिच्यातच सापडण्याचा संभव असतो. जुने लेखकू चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावीत. त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. जुन्या डब्यावरील रंगाचा नवा हात हाही एक हरताळच आहे. त्याखाली कारखान्याचा क्रमांक जातो, उतारूंच्या हातांनी गुळगुळीत झालेली कड जाते, डागडुजी करणाऱ्या लोहाराची खूण जाते.

यंत्रांच्या जगातील एक उदाहरण पाहा. स्टीफन्सनचे ‘रॉकेट’ एंजिन 1829 च्या रेनहिल येथील स्पर्धेत विजयी झाले. पुढील थोड्याच वर्षांत त्यात इतके फेरफार झाले, की मूळचे तिरपे सिलिंडर जवळजवळ आडवे करण्यात आले. आपल्याकडे बैलगाडी रुळांवर आली त्याच 1862 साली ते एंजिन लंडनच्या पेटंट ऑफिसच्या संग्रहालयात दाखल झाले. ते विजयाच्या दिवशी होते तसे पुन्हा घडविण्याचा मोह होणे साहजिक होते. तसे केले असते, तर पुढचा सारा इतिहास पुसला गेला असता. 1979 साली चालती प्रतिकृती निराळी बांधण्यात आली. मूळ एंजिन 1999 साली सुटे करून अभ्यासकांनी तपासले, तेव्हा त्याच्या धातूवरून फेरफारांचा क्रम वाचता आला. मूळ पोथी अबाधित राहिली आणि संशोधित आवृत्ती वेगळी निघाली, असेच आपण म्हणू.

दुसरी बाजूही तितकीच सबळ आहे. 1855 साली लीड्स येथे बांधलेली आपली ‘फेअरी क्वीन’ 1909 साली निवृत्त झाली. 1997 मध्ये ती पुन्हा रुळांवर धावली आणि दुसऱ्याच वर्षी नियमित चालणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे एंजिन म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली. तिचा फूत्कार ऐकलेल्या मुलाला वाफेची शक्ती शिकवावी लागत नाही. शिवाय भट्टी पेटविणे, वाफेचा दाब राखणे, हेही ज्ञान आहे. एंजिन चाललेच नाही तर ते हातातून जाते. काचेच्या कपाटात ते टिकत नाही. मात्र प्रत्येक फेरीत मूळ धातूची थोडी झीज होते, हेही खरे.

तेव्हा निर्णय कसा करावा? मी दोनच प्रश्न सुचवितो. ही वस्तू जे सांगते, ते दुसरी कोणती सांगू शकेल काय? आणि आपण जे करणार, ते उद्या कोणाला उलटविता येईल काय? एकाच घडणीच्या अनेक वस्तू शिल्लक असतील, तर एक खुशाल चालती करावी. एकच उरली असेल, तर तिला हात लावू नये. हौस प्रतिकृतीवर भागवावी.

संघाला माझे सांगणे इतकेच : डबा मिळालाच, तर प्रथम त्यावर छप्पर घाला. पाणी आणि गंज थांबविणे म्हणजे जतन. त्याला कोणाची हरकत नसावी. मग त्याचे मोजमाप घ्या, छायाचित्रे काढा, प्रत्येक क्रमांक टिपून ठेवा. त्या गाडीने शाळेत आलेल्या वृद्ध विद्यार्थ्यांच्या आठवणी लिहून घ्या. त्यांना छप्पर घालता येत नाही. मुलांना बसण्यासाठी बाक हवे असेल, तर नवे करून शेजारी ठेवा, जुने उखडू नका. रंगाचा डबा मात्र वर्षभर उघडू नका. रंग केव्हाही देता येतो. एकदा खरवडून काढलेला जुना थर परत आणता येत नाही.

गुरुवर्य विद्यार्थ्याच्या वहीतील चूक खोडून टाकीत नसत. तिच्याखाली रेघ मारून शुद्ध शब्द समासात लिहीत. मूळ आणि दुरुस्ती दोन्ही डोळ्यांसमोर राहत. जुन्या वस्तूंशी वागण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.