जळाऊ लाकडाची यांत्रिक करवत : पाते आणि साखळी

(बागायतदार, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा रस्त्यांवर, घरांवर आणि विजेच्या तारांवर कोसळलेली झाडे दूर करताना यांत्रिक करवतीचे मोल सर्वांच्या प्रत्ययास आले. एरवीही हे यंत्र आता केवळ वन खात्याच्या किंवा अग्निशामक दलाच्याच हाती राहिलेले नाही. स्वयंपाकघरात गॅस आला तरी काजूच्या भट्टीला, पोदेराच्या भट्टीला, उकड्या तांदळाच्या हंड्याला आणि न्हाणीघरातील चुलीला लाकूड लागतेच. जुनी काजूची झाडे, अकेशिया, सुरू, वाळलेला आंबा यांचे ओंडके फोडण्याजोगे करण्यासाठी पुष्कळ बागायतदारांनी ही करवत घरी आणलेली आहे.

विकत घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो तो इंजिन किती शक्तीचे, हा. वास्तविक इंजिन लाकूड कापीत नाही. कापते ती साखळी, आणि तिला वाट दाखवते ते पाते. इंजिन उत्तम, परंतु साखळी बोथट, अशा करवतीपेक्षा साध्या इंजिनावर चांगली धार लावलेली साखळी अधिक काम देते, आणि माणसाचे हातपायही सुरक्षित ठेवते. विजेरीवर चालणाऱ्या नव्या करवतींनाही हेच लागू आहे.

या साखळीचा उगम मोठा मनोरंजक आहे, आणि तो जळाऊ लाकडाशीच निगडित आहे. पूर्वीच्या साखळ्यांचे दात साध्या करवतीच्या दातांसारखे असत. ते लाकूड खरवडीत आणि लवकर बोथट होत. १९४६ साली अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील जोसेफ ब्युफर्ड कॉक्स हा लाकूडतोड्या सरपण फोडीत असता, एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड कुरतडताना त्याला दिसली. तिचे जबडे उजवीकडे व डावीकडे आलटून पालटून चालत होते, आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने असो वा आडवे असो, ती सारख्याच सहजतेने वाट काढीत होती. त्यावरून कॉक्सने एक दात उजवा, एक दात डावा अशी वाकड्या दातांची साखळी तयार केली. आज आपल्या हाती असलेली साखळी ही त्याच कल्पनेची वंशज होय.

आता निवडीकडे वळू. बाजारात २२ इंची पाते लावलेली करवत सर्रास मिळते, आणि लांब पाते म्हणजे मोठे यंत्र, असा ग्राहकाचा समज असतो. सरपणासाठी हा समज घातक आहे. पाते जितके लांब तितकी साखळी लांब, धार लावायचे दात जास्त, इंजिनावर भार जास्त, आणि पात्याचे टोक माणसाच्या नजरेपासून दूर. ज्या ओंडक्यांशी नेहमी गाठ पडते त्यांच्या जाडीपेक्षा दोन इंच अधिक लांबीचे पाते पुरेसे असते. घरगुती सरपणाला १४ ते १८ इंचांपलीकडे जाण्याचे सहसा कारण नाही. क्वचित जाड बुंधा आलाच, तर तो दोन्ही बाजूंनी कापता येतो.

नवी साखळी आणताना मात्र केवळ लांबी सांगून भागत नाही, आणि येथेच सर्वांत अधिक पैसा वाया जातो. दुकानदारास तीन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, पिच. साखळीच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचे अंतर मोजून त्याचे अर्ध केले की पिच मिळते. ते बहुधा ०.३२५ इंच किंवा ३/८ इंच असते. दुसरी, गेज, म्हणजे पात्याच्या खाचेत उतरणाऱ्या दुव्यांची जाडी. ही १.१ पासून १.६ मिलिमीटरपर्यंत असते. तिसरी गोष्ट म्हणजे अशा दुव्यांची एकूण संख्या. १८ इंची पात्यावर ०.३२५ पिचची साखळी बहुधा ७२ दुव्यांची असते, तर ३/८ पिचची त्याहून कमी दुव्यांची. म्हणून नुसती ‘अठरा इंची चेन द्या’ ही मागणी अपुरी ठरते.

हे आकडे पात्याच्या इंजिनाकडील टोकावर कोरलेले असतात. ते गंजाने पुसले जाण्यापूर्वी वहीत टिपून ठेवावेत. पिच चुकले, तर साखळी दातेरी चाकावर बसत नाही, आणि बळेच बसवली तर दोन्ही झिजतात. गेज कमी पडले तर साखळी खाचेत डुलते आणि काप तिरका जातो. शाळांतून गणित शिकविणाऱ्या गुरुजनांना येथे अपूर्णांकांचा एक जिवंत धडा मिळण्यासारखा आहे.

दातांचेही दोन मुख्य प्रकार आहेत. एकाचा कोपरा काटकोनी व टोकदार असतो. तो स्वच्छ, ओल्या लाकडात झपाट्याने कापतो, परंतु माती लागताच बोथट होतो. दुसऱ्याचा कोपरा किंचित गोलसर असतो. तो थोडा सावकाश चालतो, पण मळकट व वाळलेल्या लाकडात धार टिकवून धरतो. आपल्याकडील सरपण म्हणजे वादळात मुळासकट उपटलेले, सालीत तांबडी माती भरलेले, उन्हात कडक झालेले लाकूड. त्याला गोलसर कोपऱ्याची साखळीच योग्य. रस्त्याकडेच्या झाडात जाहिरातींच्या फलकांचे खिळे आणि कुंपणाच्या तारा रुतलेल्या असतात. त्यांपुढे मात्र कोणत्याच दाताची मात्रा चालत नाही. साल आधी कोयत्याने झाडून पाहावी.

धार गेली हे कसे ओळखावे? भुशाकडे पाहावे. धारदार साखळी लाकडाच्या जाडसर चकत्या फेकते. पिठासारखी बारीक धूळ पडू लागली, किंवा करवत दाबावी लागली, की काम थांबवावे. दाबून कापणे हे अपघाताला आमंत्रण आहे. दमलेला मनुष्य जोर लावतो, पात्याच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला लागतो, आणि करवत क्षणार्धात उसळून चेहऱ्याकडे किंवा खांद्याकडे येते. ही उसळी हाताने आवरता येत नाही, इतकी ती जलद असते. म्हणून टोकाने कधीही कापू नये, आणि साखळी थांबविणारा ब्रेक चालतो की नाही हे रोज तपासावे. लुंगी नेसून व पायांत चपला घालून करवत चालविणारे गडी अजूनही दिसतात. मजुरीवर माणूस बोलावणाऱ्याने त्याला चश्मा आणि बंद बूट देण्याचा खर्च आपला समजावा.

धार लावण्यास गोल कानस लागते, आणि तिची जाडी साखळीनुसार ठरते. ०.३२५ पिचला ४.८ मिलिमीटर, हलक्या ३/८ पिचला ४ मिलिमीटर. इंजिन बंद करून, हातमोजे घालून, पाते घट्ट धरून ठेवावे. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, बहुधा ३० अंशांच्या कोनात चालवावी. कानशीचा सुमारे पाचवा भाग दाताच्या वर राहिला पाहिजे. आधी एका बाजूचे सर्व दात, मग दुसऱ्या बाजूचे, आणि प्रत्येकाला सारखेच हात. सर्वांत आखूड झालेला दात प्रमाण धरून बाकीचे त्याच्या बरोबरीला आणावेत. एका बाजूचे दात लांब राहिले, तर काप त्या बाजूला वळत जातो. मग पात्यालाच दोष दिला जातो.

प्रत्येक दाताच्या पुढे एक उंचवटा असतो. दाताने किती खोल चावावे हे तोच ठरवतो. धारेच्या कडेपेक्षा तो सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा. दात झिजत गेले की तीनचार धारांनंतर तो सपाट कानशीने, मापपट्टी लावून उतरवावा लागतो. काही हुशार मंडळी झटपट कापावे म्हणून तो भलताच खाली घासतात. अशी साखळी लाकडात हिसके देत शिरते आणि उसळीचा धोका वाढवते.

पात्याची निगा अगदी सोपी, पण ती बहुधा होत नाही. धार लावताना पाते उलटे करून बसवावे, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. खाचेतील चिकट भुसा पातळ पट्टीने काढावा, तेलाचे छिद्र मोकळे करावे आणि कडेबाहेर आलेली धातूची कोर सपाट कानशीने घासून टाकावी. तेलासाठी इंजिनातून काढलेले काळे तेल वापरू नये. त्यातील धातूचे कण खाच खातात, आणि ते कातडीलाही अपायकारक असते. पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी साखळीचे तेलही भरावे. पेट्रोल संपले तरी तेल तसेच उरले असेल, तर तेलाची वाट तुंबली आहे असे समजावे.

साखळी हाताने सहज फिरावी, पण पात्याच्या खाली लोंबू नये. नवी साखळी पहिल्या तासाभरात सैल पडते, तेव्हा ती पुनःपुन्हा पाहावी. काम संपल्यावर ती थोडी सैल करून ठेवावी. तापलेली साखळी थंड होताना आकसते आणि इंजिनाच्या दांड्यावर ताण आणते. दोन साखळ्या आळीपाळीने वापरल्या आणि त्या संपल्यावर दातेरी चाकही बदलले, तर पुढची नवी साखळी जुन्या चाकावर फुकट झिजत नाही.

उभे झाड तोडण्याचा विचार असेल, तर करवत उचलण्यापूर्वी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी सरपण पडवीत रचून झाले, की साखळी उतरवून, रॉकेलमध्ये धुऊन, तेलात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवावी. कोकणपट्टीच्या दमट हवेत उघडी टांगलेली साखळी दसऱ्यापर्यंत तांबडी झालेली असते.