सिंधूची जबानी : 'एकच प्याला'मधील प्रेमाची रूपे
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



विषय सांगितला तेव्हा आमच्या घरातच प्रश्न आला, "दारूच्या नाटकात प्रेम कुठलं?" माझं म्हणणं असं, की त्यात दारूपेक्षा प्रेमच जास्त आहे.

गडकरी २३ जानेवारी १९१९ला सावनेरला वारले, वय अवघं ३३. पुढच्याच महिन्यात, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर. ही मंडळी १९१३ला किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडलेली, आणि किर्लोस्कर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब. तेव्हा हे नाटक आपल्याला तसं घरचंच.

सुधाकर वाईट माणूस नाही. हुशार वकील, पण मानी. सनद काही काळासाठी रद्द होते, अपमान सोसवत नाही, आणि तळीराम पहिला प्याला पुढं करतो. बायकोवर त्याचं प्रेम आहेच. सोडतो म्हणून शपथ घेतो, ती मनापासून घेतो. पण सगळ्या प्रेमाच्या वर त्याचं स्वतःच्या मानावर प्रेम आहे. मला तरी त्याची दारू तिथून सुरू होते असं वाटतं.

रामलालकडं आपण फारसं बघत नाही. सुधाकरचा जिवाभावाचा मित्र, सुधारक. सुधाकरच्या बालविधवा बहिणीला, शरदला, तो मुलीसारखं शिकवतो. एक दिवस त्याच्या ध्यानात येतं, की हे वात्सल्य राहिलेलं नाही. भगीरथ तिच्या जवळ आला की आपल्याला राग येतो. स्वतःचं मन असं उघडं करून बघायचं आणि मग बाजूला व्हायचं, हे १९१९च्या रंगभूमीवर गडकऱ्यांनी लिहिलं. दारू सुटत नाही ती सुधाकरला, पण मोह सुटणं किती अवघड हे रामलालकडून कळतं.

आता सिंधू. दळणं दळते, पण माहेरचा पैसा घेत नाही. पद्माकर भाऊ म्हणून जीव तोडून सांगतो, ती हलत नाही. तळीरामाची गीता मात्र नवऱ्याला तोंडावर सुनावते. प्रेक्षक गीतेला हसतात आणि सिंधूसाठी रडतात. माझी आत्या तर डोळे पुसत म्हणायची, "बायको असावी तर अशी." लहानपणी मलाही तेच वाटायचं. शेवटी मूल गेलेलं, स्वतः मरणाच्या दारात, आणि फौजदारासमोर ती खोटी जबानी देऊन नवऱ्याला वाचवते. टाळ्या इथंच पडतात.

मी औषधशास्त्राचा डिप्लोमा करून सरकारी दवाखान्यात गोळ्या-मलम देतो. खिडकीतून चिठ्ठी येते, तिच्यावर "पडून लागले" असं असतं. पायरीवरून पडले, न्हाणीत घसरले. इतकी वर्षं हे वाचल्यावर न्हाणीतली जखम कुठं होते आणि हाताची कुठं, हे कळायला लागतं. अशीच एक बाई दोनदा आली. दोन्ही वेळा नवरा दाराशी उभा, तोंडाला वास. मी मलम कसं लावायचं ते सांगितलं, गोळ्या मोजल्या, पुढचा नंबर पुकारला. सिंधूची जबानी मी दोनदा लिहून घेतली म्हणा की.

त्या रात्री नाटक पुन्हा काढून वाचलं. पद्माकर, जो लहानपणी मला उगाच घर मोडायला निघालेला वाटायचा, त्याच्यावर पेन्सिलनं खुणा केल्या. गडकऱ्यांनी सिंधूला देवीसारखं लिहिलं खरं, पण तिच्या शेजारी पद्माकर आणि गीता यांनाही उभं केलं, हे आपण विसरतो.

तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा बरोबर भाऊ होता. मी चिठ्ठी हातात घेतली आणि म्हटलं, "ताई, आधी आत डॉक्टरीणबाईंना परत एकदा भेटा. भाऊ इथं माझ्याजवळ बसतील." ती जरा थांबली, मग आत गेली. दार लोटलं गेलं. भाऊ बाकावर बसून माझ्याकडं बघत होता. अर्ध्या तासानं नवी चिठ्ठी आली. तिच्यावर "पडून लागले" नव्हतं.