श्रद्धा आणि अधिकार : पंडिता रमाबाईंचे दोन प्रश्न

हिंदू आणि ख्रिस्ती ह्या दोन धर्मांची तुलना करताना ईश्वर एक की अनेक, मूर्ती असावी की नसावी, एवढ्यावरच चर्चा बहुधा थांबते. परंतु ह्याहून खोल असा एक प्रश्न आहे. ईश्वराविषयी अखेरचा शब्द बोलण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न दोन्ही धर्मांना एकाच व्यक्तीने विचारला. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना पंडितांच्या रोषास तोंड द्यावे लागले. आईकडून ती विद्या मुलीकडे आली. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. म्हणजे विद्वत्ता मान्य झाली. परंतु वेदांचा अधिकार मात्र परंपरेने स्त्रीला दिलेला नव्हता. धर्मशास्त्रे पाहता पाहता रमाबाईंना असे दिसून आले, की इतर बाबतींत एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रीला हीन लेखण्यात मात्र एकमत आहेत. हिंदू विचारात परब्रह्म निर्गुण आणि सर्वव्यापी. तेथे भेदाला जागा नाही. परंतु त्या ब्रह्माच्या ज्ञानाला 'अधिकारी' कोण, हे जन्मावरून ठरू लागले. तत्त्वात अभेद आणि व्यवहारात भेद, हे त्यांचे शल्य होते.

ख्रिस्ती धर्मात ईश्वर सगुण, एका व्यक्तीच्या रूपाने भेटणारा. अवतार अनेक नव्हेत. इतिहासात एकदाच घडलेला. श्रद्धा म्हणजे केवळ तत्त्वबोध नव्हे, तर त्या व्यक्तीवर टाकलेला भार. शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेले संभाषण रमाबाईंच्या मनाला भिडले. खरी उपासना ह्या डोंगरावरही नव्हे आणि यरुशलेमातही नव्हे, असे त्या तिरस्कृत स्त्रीलाच सांगितले गेले होते. इंग्लंडात पतित मानलेल्या स्त्रियांना ममतेने सावरणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे कथा संपती तर ती नुसत्या धर्मांतराची झाली असती. परंतु दुसरा प्रश्न येथेच उभा राहिला. ख्रिस्तावर विश्वास ठेवला, म्हणून त्रैक्याचा सिद्धांत चर्च सांगेल त्याच शब्दांत मानला पाहिजे काय? क्रुसावर लॅटिन अक्षरे पवित्र, मग संस्कृत का नकोत? चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी तीही निमूटपणे मान्य केली नाही. मार्गदर्शक भगिनींना हा अहंकार वाटला. रमाबाईंचे म्हणणे असे, की एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरविले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे.

भगिनींची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. प्रत्येकाने आपापला अर्थ लावला, तर अनेक पिढ्यांनी जपलेला विश्वास विस्कळीत होईल, ही त्यांची भीती होती. शब्दप्रामाण्य मानणारा मीमांसकही ह्याहून वेगळे काय म्हणाला असता? दोन्हीकडे परंपरा श्रद्धेला आधार देते, आणि दोन्हीकडे तीच परंपरा श्रद्धेवर पहाराही बसविते.

रमाबाईंनी ना ख्रिस्ताला सोडले, ना आपल्या बुद्धीला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन, नंतर केडगावचे मुक्ति सदन, आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी बायबल. अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावे, हा त्या भाषांतरामागील हेतू. मध्यस्थावाचून ग्रंथ वाचता यावा, ही लहानपणापासूनची तहान त्यांनी दुसऱ्यांसाठी अशी भागविली. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले.

धर्म कोणता श्रेष्ठ, ह्याचा निवाडा त्यांच्या चरित्रावरून करू जाणे व्यर्थ होय. मात्र ज्या देवळाच्या किंवा चर्चच्या दारात प्रश्न विचारणाऱ्याला उंबरठ्याबाहेर थांबविले जाते, तेथील श्रद्धा किती निर्भय आहे, हे प्रत्येक धर्मीयाने स्वतःस विचारून पाहावे.